मोळीचा खर्च, मळीचा हिशेब

मोळी गव्हाणीत पडते तेव्हा तिच्यावरचा मोठा खर्च होऊन गेलेला असतो: उसाची किंमत, तोडणी, वाहतूक. त्यातला साखरेचा किती आणि मळीचा किती, हे तिथे कोणीच सांगू शकत नाही. हंगामात कोल्हापूर भागातल्या एका कारखान्यात फिरताना मला पाहायची होती ती नेमकी ही जागा, एकाच उसाची चार उत्पादने वेगळी होतात ती.

एक टन उसातून ढोबळमानाने ११० किलो साखर, २८० ते ३०० किलो बगॅस म्हणजे चोथा, ४५ किलोच्या आसपास मळी आणि ३०-४० किलो प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ निघतो. खर्च वजनावर वाटला तर सर्वांत मोठा बोजा बगॅसच्या माथी बसेल आणि ती कायमची तोट्यात दिसेल. म्हणून खर्च किमतीच्या प्रमाणात वाटतात. किंवा सगळा साखरेवर टाकून बाकीच्या मालाचे उत्पन्न त्यातून वजा करतात.

ही वाटणी नुसती वहीतली नाही. रंगराजन समितीने २०१२ साली सुचवले, की साखर आणि प्राथमिक उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा. याच धर्तीवर महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदराचा कायदा केला. तेव्हापासून बगॅस आणि मळीचा दर काय धरला, यावर सभासद सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारू शकतो.

पण निर्णयाची खरी जागा पाक शिजवण्याच्या पॅनवर आहे. पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंबभर नमुना घेतो, दिव्यासमोर धरतो आणि दाणा पाहतो. पहिल्या उकळीची साखर सेंट्रिफ्यूगलमध्ये वेगळी झाली की उरलेला पाक पुन्हा शिजतो. दुसऱ्या साखरेनंतर उरते ती बी-हेवी मळी. तिला तिसऱ्यांदा शिजवून आणखी साखर काढायची आणि मग उरलेली सी-हेवी मळी डिस्टिलरीला द्यायची, की बी-हेवी तशीच पाठवायची?

इथे उसाचा दर विसरावा लागतो. तो दोन्ही वाटांवर तेवढाच आहे. पाहायचे ते पुढचे.

बी-हेवी घेतली तर टनामागे साधारण १५ किलो साखर सोडावी लागते, पण इथेनॉल १० लिटरऐवजी १९ लिटरच्या आसपास निघते. २०२२-२३ साली बी-हेवीच्या इथेनॉलला ६०.७३ रुपये आणि सी-हेवीच्या इथेनॉलला ४९.४१ रुपये लिटर दर होता. म्हणजे इथेनॉलमधून ६६० रुपये जास्त. साखर ३४ रुपये किलो धरली तर गमावलेली साखर ५१० रुपयांची. उरले १५०, त्यातून जादा ९ लिटरचा डिस्टिलरी खर्च वजा, तिसऱ्या उकळीची वाचलेली वाफ जमा.

डिसेंबर २०२३ मध्ये हेच गणित उलटण्याच्या बेतात आले. ७ तारखेला केंद्राने रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरात रस आणि बी-हेवी मिळून इथेनॉलकडे वळवायच्या साखरेवर १७ लाख टनांची मर्यादा घातली. महिनाअखेर सी-हेवी इथेनॉलचा दर ५६.२८ झाला. त्यामुळे जादा मिळकत ५९१ वर आली. साखर ३८ रुपये धरली, तर सोडलेली साखर ५७० रुपयांची. उरले २१, डिस्टिलरीचा जादा खर्च हे सहज खाऊन टाकतो.

बगॅसचाही प्रश्न याच धर्तीचा. बॉयलरची गरज भागून उरलेली कागदगिरणीला विकायची, की वीज करायची? विजेच्या उत्पन्नातून जादा खर्च आणि बगॅसचा बाजारभाव वजा करून जे उरेल ते पाहायचे.

संचालक मंडळात मात्र वाटणीचा आणि निर्णयाचा हे दोन हिशेब हमखास एकमेकांत मिसळतात. कोणी विचारते, ‘मळीवर उसाचा एवढा खर्च पडला, तो इथेनॉलमधून वसूल होतो का?’ त्या खर्चाची वाटणी कशीही करा, कारखान्याच्या तिजोरीत एक रुपयाही वाढत नाही. ऊसउत्पादकाच्या खात्यात मात्र फरक पडतो. वाटणी सभासदाला समोर ठेवून करावी आणि निर्णय बाजारभाव समोर ठेवून. एकाचे कागद दुसऱ्याच्या टेबलावर नेले, की नफ्याची मळी तोट्याची दिसते आणि तोट्याची डिस्टिलरी डौलात चालू राहते.