पंखावर बसविलेले इंजिन

लहान खाजगी जेट विमानात वेग हवा असेल तर आरामाचा संकोच सोसला पाहिजे आणि आराम हवा असेल तर वेगावर पाणी सोडले पाहिजे, हा समज विमानरचनाकारांत दीर्घकाळ रूढ होता, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी अमेरिकेत विचिटा येथे प्रथम उडालेल्या लिअरजेट २३ या विमानाच्या पंखांचे मूळ स्वित्झर्लंडच्या एका लढाऊ विमानात होते; त्याचा वेग त्या काळच्या मोठ्या प्रवासी जेटांच्या बरोबरीचा, परंतु केबिनची उंची साडेचार फुटांहूनही कमी असल्यामुळे धनवंत प्रवाशालाही आत शिरताना कंबरेतून वाकावे लागे. त्याउलट १९६९ साली उडालेल्या सेसना सायटेशनने सरळ पंख, सौम्य स्वभाव आणि आखूड धावपट्टीवर उतरण्याची सोय पत्करली आणि वेगात मागे राहणे कबूल केले. या दोन वाटांच्या मधून तिसरी वाट काढण्याचा जो प्रयत्न जपानच्या होंडा कंपनीने केला, त्याची हकीकत मला यंत्रविद्येच्या इतिहासातील अत्यंत विचारप्रवर्तक प्रकरणांपैकी एक वाटते.

अडचण नेमकी कोठे होती ते आधी पाहू. मोठ्या विमानात इंजिने पंखांखाली टांगतात. पण हलक्या जेटाचे पंख जमिनीपासून इतके कमी उंच असतात की तेथे इंजिनाला जागाच उरत नाही. म्हणून ती धडाच्या मागील अंगाला दोन्ही बाजूंस बसविण्याची वहिवाट पडली. मात्र ती तोलून धरणारा सांगाडा धडातून आरपार न्यावा लागतो, तो मागची जागा खातो, आणि इंजिनाची थरथर व घरघर त्याच वाटेने प्रवाशांपर्यंत येते. ज्या केबिनची रुंदी जेमतेम पाच फूट, तेथे दोन-चार वितींची हानी ही किरकोळ बाब राहत नाही.

होंडाने १९८६ साली विमानविषयक संशोधनाला गुप्तपणे आरंभ केला आणि आपल्या तरुण अभियंत्यांना तालमीसाठी अमेरिकेतील मिसिसिपी राज्य विद्यापीठात धाडले. त्यांत मिचिमासा फुजिनो हे होते. इंजिन धडावरून काढून पंखाच्या वर, एका आखूड खांबावर बसवावे, ही कल्पना त्यांनी एका रात्री कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर रेखाटली, हे सर्वश्रुत आहे. पण ती ऐकून जाणकारांनी मान हलविली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पंखाच्या वरच्या पृष्ठावरून वाहणारी हवा आधीच वेगवान असते, विमान ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाऊ लागले की ती जागोजाग ध्वनीलाही मागे टाकते, तेथे आघाततरंग उठतात आणि रोध एकाएकी वाढतो. अशा संवेदनशील ठिकाणी इंजिनासारखा स्थूल पदार्थ ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण, असे शास्त्र सांगत होते. जर्मनीच्या व्हीएफडब्ल्यू ६१४ या विमानाने १९७१ साली पंखावर इंजिने बसवून दाखविली होती खरी, परंतु ती विमाने विसाच्या आतच बांधली गेली.

फुजिनोंचे श्रेय असे की त्यांनी या संकटातच उपाय शोधला. संगणकावरील गणिते आणि वायुबोगद्यातील चाचण्या यांवरून त्यांना आढळले की इंजिनाच्या कवचाचे तोंड पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर आणि पृष्ठापासून ठराविक उंचीवर ठेवले, तर इंजिनाभोवतीचा प्रवाह आणि पंखावरचा प्रवाह परस्परांना अनुकूल होतात, आघाततरंग मंदावतो आणि वेगवान उड्डाणातील रोध वाढण्याऐवजी घटतो. जागा थोडी चुकली की लाभाचा तोटा होतो. म्हणजे सारा निकाल काही इंचांवर अवलंबून होता. ही संशोधने शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली, आणि ३ डिसेंबर २००३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे होंडाजेटने पहिले उड्डाण केले.

या एका निर्णयाने धड मोकळे झाले. कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाच्या त्या धडात केबिन सुमारे ५.४ मीटर लांब झाली, समोरासमोरच्या आसनांवर बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागत नाहीत एवढे अंतर राहिले, मागे दार लावून घेता येईल असा शौचकक्ष आणि त्यामागे सामानाची जागा निघाली. वेग ताशी सुमारे ७८० किलोमीटर, उड्डाणाची कमाल उंची ४३,००० फूट. छताची उंची मात्र १.४७ मीटरच, उभे राहण्याचे सुख येथेही नाही. आवाजाचा प्रश्नही एका फटक्यात सुटला नाही. २०१८ साली आलेल्या एलीट या आवृत्तीत इंजिनाच्या तोंडाला आतून ध्वनिशोषक अस्तर लावण्याची तजवीज करावी लागली.

आरामाची चर्चा आसनांच्या चामड्यापाशी थांबते, याचे मला वाईट वाटते. कारण प्रवासी थकतो तो बहुधा विरळ हवेने. होंडाजेट सर्वोच्च उंचीवर असता केबिनमधील हवा ८,००० फुटांच्या आसपासच्या पर्वतावर असते तितकी विरळ असते. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विरळतेचा अंदाज येतो. ब्राझीलच्या एंब्राएर कंपनीच्या फेनॉम ३०० मध्ये ४५,००० फुटांवरही केबिनची हवा ६,६०० फुटांवरची राखली जाते. ते विमान मोठे, जड आणि महाग आहे, पण या एका बाबतीत त्याचे श्रेष्ठत्व मान्य केले पाहिजे.

पहिल्या उड्डाणानंतर अमेरिकी हवाई प्रशासनाची अंतिम मंजुरी हाती पडायला डिसेंबर २०१५ उजाडला. मधल्या बारा वर्षांत इंजिनही होंडाने जनरल इलेक्ट्रिकच्या भागीदारीत नवे घडविले. रचनेची मौलिकता पाहिली तर माझ्या मते होंडाजेट आपल्या वर्गात अग्रगण्य ठरते, आणि निव्वळ प्रवाशाच्या देहाला मिळणारा विसावा पाहिला तर फेनॉम. ज्याला निवड करायची असेल त्याने आसनावर हात फिरविण्याआधी केबिनमधील हवेचा दाब किती राखला जातो, हे विचारून घ्यावे.