शेअर केलेला फोल्डर पासवर्ड नाकारतो तेव्हा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातल्या एका कॉम्प्युटरवर फोटो आणि कागदपत्रे ठेवावीत, बाकीच्यांनी ती वाय-फायवरून उघडावीत, ही सोय विंडोजमध्ये आयतीच मिळते. पण पासवर्डची चौकट समोर आली की अनेकजण तिथेच अडकतात. बहुतेक वेळा एकच गोष्ट विसरलेली असते: आपली ओळख तपासतो तो फोल्डर ज्याच्यावर आहे तो कॉम्प्युटर, आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत तो नव्हे.

गैरसमज: वाय-फायचा पासवर्ड किंवा रोजचा पिन चालायला हवा.
वस्तुस्थिती: वाय-फायचा पासवर्ड राउटरपुरता असतो आणि पिन ज्या यंत्रावर तयार केला त्याच्यापुरता. नेटवर्कवरून पिन चालत नाही. फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा पासवर्डच द्यावा लागतो. ते मायक्रोसॉफ्ट खाते असेल, तर युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता टाका.

गैरसमज: खात्याला पासवर्डच नसेल, तर विचारणारच नाही.
वस्तुस्थिती: उलट दार बंद होते. बिनपासवर्डचे स्थानिक खाते विंडोज फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसून वापरू देते. नेटवर्कवरून आलेल्याला अडवते.

गैरसमज: पासवर्ड बरोबर असूनही नाकारला, म्हणजे विंडोज बिघडले.
वस्तुस्थिती: बऱ्याचदा जुना साठवलेला पासवर्ड आड येतो. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन त्या कॉम्प्युटरची नोंद काढून टाका. त्रुटी क्रमांक १२१९ दिसला, तर एकाच कॉम्प्युटरशी दोन वेगळ्या युजरनेमने जोडणी होऊ पाहते आहे. विंडोज ते चालू देत नाही. साइन आउट करून पुन्हा जोडा.

गैरसमज: लॉगिन झाले की फोल्डर उघडायलाच हवा.
वस्तुस्थिती: ओळख पटणे वेगळे, परवानगी मिळणे वेगळे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन ठिकाणी परवानग्या असतात. दोन्हींत फरक असेल, तर जी कडक तीच लागू होते. आणि नेटवर्क पाथ सापडत नाही असा संदेश आला, तर पासवर्ड बदलण्यात वेळ घालवू नका. तो कॉम्प्युटर चालू आहे ना, दोघे एकाच नेटवर्कवर आहेत ना, फायरवॉल अडवत नाही ना, हे आधी पाहा.

गैरसमज: पासवर्ड संरक्षण बंद करावे किंवा एसएमबी १ हे फाइल शेअरिंगचे जुने तंत्र चालू करावे, म्हणजे कटकट मिटते.
वस्तुस्थिती: हा सल्ला धोक्याचा आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी १ मधल्या त्रुटीतूनच शिरला होता. आजच्या विंडोजमध्ये ते मुळात बंदच असते. शिवाय विंडोज ११ प्रोची २०२४ मधली २४एच२ आवृत्ती मूळ सेटिंगमध्ये पासवर्डविना पाहुणा म्हणून शेअर फोल्डर उघडूच देत नाही.

सरळ उपाय पाच मिनिटांचा आहे. फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवर एक वेगळे स्थानिक खाते तयार करा, त्याला चांगला पासवर्ड द्या आणि शेअरिंग व सिक्युरिटी दोन्हींत त्याला परवानगी द्या. लॉगिन करताना कॉम्प्युटरचे नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग युजरनेम असे लिहा. ज्यांना फोटो फक्त पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी केवळ वाचण्याची परवानगी पुरते. त्यामुळे वर्षानुवर्षे जमवलेले फोटो कोणाच्या चुकीच्या क्लिकने पुसले जाणार नाहीत.