क्षाराचं पाणी: दुखणं गीझरचं, माणसाचं नव्हे

भातसा, तानसा आणि मोडकसागर हे तिन्ही जलाशय शहापूर तालुक्यातले. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवतोय, आणि आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. मुरबाडकरांच्या शेजारी बारवी. त्यामुळे इथे एक समजूत पक्की आहे: आपलं पाणी धरणाचं, म्हणजे मऊ. गीझरची कॉइल पांढरीफटक होऊन जळाली, तर दोष कंपनीचा.

धरणाचं पाणी मऊ असतं, हे खरंच. सह्याद्रीच्या कड्यांवर कोसळलेला पाऊस खडकात फारसा न मुरता नदीला मिळतो. पण घरात नळ आला म्हणजे धरणाचं पाणी आलं, असं नाही. कितीतरी गावपाड्यांच्या नळयोजना विहिरीवर किंवा बोअरवर चालतात. वासिंद-आसनगावकडच्या नव्या इमारतींनाही बोअरचा आधार लागतोच. हे पाणी काळ्या कातळातून येतं. मातीतून झिरपताना ते कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, कातळाच्या भेगांत साचून राहतं आणि तिथलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सावकाश विरघळवतं. शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन, म्हणजे कठीण पाणी ते हेच. जितका काळ पाणी खडकात राहिलं, तितकं सहसा ते जड. म्हणून एकाच गावात ओढ्याकाठच्या विहिरीवर साबणाला फेस येतो आणि वरच्या आळीतल्या बोअरवर येत नाही. एकाच विहिरीचं पाणीही श्रावणात वेगळं आणि वैशाखात वेगळं लागतं.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज मुतखड्याचा. तो पटतोही चटकन: गीझरमध्ये खडे होतात, मग पोटात का होणार नाहीत? पण पोट म्हणजे गीझर नव्हे. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरं. मात्र खाण्यापिण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर काढतं, आणि आहारात कॅल्शियम फार कमी झालं तर उलट खड्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणाला आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. खड्याचं मोठं कारण पाणी कमी पिणं. उन्हात भाताची कापणी किंवा वीटभट्टीचं काम करून घाम गाळायचा आणि चव आवडत नाही म्हणून घोटभरच पाणी प्यायचं, हे जड पाण्यापेक्षा जास्त घातक. आधीच खडा झालेल्याने मात्र आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

खरी भीती बाळगायची तर ती दुसऱ्याच पाण्याची. आषाढात ओढ्याचं, झऱ्याचं पाणी मऊ असतं, त्यात डाळ पटकन शिजते, कपडे छान निघतात. त्याच पाण्यात पावसाने वाहून आणलेली घाण असते आणि गॅस्ट्रो, कावीळ तिथूनच येते. मऊ म्हणजे शुद्ध नव्हे. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड स्रोताभोवतालची स्वच्छता आणि पाणी दूषित होण्याचा धोका सांगतं. हिरवं कार्ड आहे म्हणून गीझर वाचेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

फिल्टर विकायला दारोदार येणारे याच गोंधळावर जगतात. खिशातला टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यांतलं कॅल्शियम किती, मीठ किती, हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर मुळीच नाहीत. काहींचा खेळ याहून रंगतदार. दोन पेल्यांत वीज सोडतात. आरओच्या पाण्याला काही होत नाही आणि तुमच्या नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ धरतो. तो गाळ पाण्यातला नसून त्यांच्याच लोखंडी सळीचा असतो. क्षार असले की वीज वाहते आणि सळी गंजते, इतकंच. आरओने कठीणपणा कमी होतो, यात शंका नाही. पण घरगुती यंत्र बरंच पाणी फेकून देतं, आणि चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांच्या तालुक्यात ते परवडणारं नाही. युव्हीचा दिवा जंतू मारतो, क्षारांना हातही लावत नाही.

तुरटी फिरवली की पाणी मऊ होतं, हाही असाच समज. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, टीसीएलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने, जंतू मरतात. कठीणपणा दोन्हींनी हलत नाही. उकळण्याने मात्र थोडा उतरतो. कातळातल्या पाण्यात बहुतेक क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असतात आणि तापवल्यावर कॅल्शियमचा साका होऊन बसतो. बंबात, कॉइलवर, सोलरच्या नळ्यांत दिसणारा पांढरा थर तोच.

हिशेब करून पाहा. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी दिवसाला ९० लिटर तापवलं, तर २७ ग्रॅम क्षार गीझरमधून जातो. सगळा बसत नाही, पण बसतो तो उष्णता अडवतो. कॉइल स्वतः जास्त तापते, वीज जास्त खाते आणि लवकर जळते. तापमान ६० अंशांच्या खाली ठेवलं तर थर सावकाश धरतो. वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्यावी आणि आतला ॲनोड रॉड झिजला असेल तर बदलावा. शॉवरच्या जाळीला व्हिनेगर किंवा लिंबूसत्व पुरतं. कुकर काळा पडू नये म्हणून बायका त्यात लिंबाची साल टाकतात, त्यामागेही आम्लाचंच काम आहे. संडासचं ॲसिड मात्र गीझरजवळ नेऊ नये. ते धातू खातं आणि ब्लीचिंग पावडरशी मिसळलं तर विषारी क्लोरीन सोडतं.

जड पाण्यात साबण फाटतो, डिटर्जंट तितका फाटत नाही. धुण्याचा सोडा आधी घातला तर पावडर कमी लागते. तुरीची डाळ शिजत नाही म्हणून वाण्याशी भांडण्यात अर्थ नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरतात. साठवलेलं पावसाचं पाणी उकळून त्यात ती शिजवून पाहावी.

आपलं पाणी किती जड, हे जाणायला विक्रेत्याची गरज नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे आणि त्या संचात कठीणपणाची चाचणी असते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करावी. नमुना एकदा वैशाखात आणि एकदा दिवाळीनंतर द्यावा. भारतीय मानकानुसार लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी उत्तम, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. आकडा त्याच्याही वर गेला, तर पिण्यासाठी दुसरी विहीर शोधावी, आणि बोअरचं पाणी गुरांना, धुण्याला, भाजीच्या वाफ्याला ठेवावं.