सुट्टीचा बेत ठरवतोय नायट्रोजन!

घरात सहलीचा विषय निघाला की किती मतं असतात बघा. बाबांना पहाटेची गाडी हवी, आईला दुपारची. ताईला डोंगर, आजीला देवदर्शन. पण समजा, यंदा चमत्कार झाला आणि सगळ्यांचं एकमत झालं: अंदमानला जायचं आणि स्कूबा डायव्हिंग करायचं! पाठीवर हवेची टाकी, पायांत फिन्स, डोळ्यांवर मास्क आणि थेट माशांच्या गावाला भेट.

आता गंमत ऐका. या सहलीचं वेळापत्रक बाबाही ठरवत नाहीत आणि आईही नाही. ते ठरवतात पाऊस, पाण्याचा दाब, उष्णता आणि नायट्रोजन नावाचा एक गुपचूप वायू. या चौघांचं ऐकलं नाही तर बेत फसलाच म्हणून समजा. तेव्हा वही-पेन घ्या, आपण एकेकाला विचारत जाऊ.

कधी जायचं? पावसाला विचारा

दर मे महिन्यात पेपरात एक ठरलेली बातमी येते, 'मान्सून अंदमानात दाखल'. आपण ती वाचून खूश होतो, कारण आता पाऊस केरळात येणार आणि मग आपल्या कोकणात. पण अंदमानातल्या पाणबुड्यांचा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो. समुद्र खवळतो, ओढे-नाले माती घेऊन समुद्राला मिळतात आणि पाणी गढूळ होतं. दोन हातांपलीकडचा मासा दिसणार नसेल तर खाली जाऊन करायचं काय?

म्हणून जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. तुमची वार्षिक परीक्षा संपली रे संपली की निघायचं.

आधी विमानाने श्री विजयपुरमला जायचं. पोर्ट ब्लेअरचं हे नाव २०२४ साली ठेवलं गेलं. सेल्युलर जेल तिथेच आहे, ते बघायला विसरू नका. तिथून बोटीने हॅवलॉक बेटावर. त्याचंही अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण पाट्यांवर आणि बोलण्यात दोन्ही नावं भेटतील.

तिथे पहिल्याच सकाळी तुम्ही चक्रावणार. घड्याळात पाच वाजत असतील आणि बाहेर चक्क उजाडलेलं! हॅवलॉक मुंबईच्या सुमारे २० अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे २० गुणिले ४, तिथला सूर्य ८० मिनिटं पुढे. घड्याळ मात्र साऱ्या भारताचं एकच. म्हणून तिथे सगळी कामं लवकर सुरू होतात, डुबक्यासुद्धा.

कोण जाणार? कानाला विचारा

मोठ्या प्रशिक्षण संस्थांच्या नियमांप्रमाणे खऱ्या समुद्रात उतरायला साधारण १० वर्षं पूर्ण हवीत, तेही प्रशिक्षकाबरोबर आणि १२ मीटरपर्यंतच. आधी एक फॉर्म भरावा लागतो. दमा आहे का, कानाचं काही दुखणं आहे का, असे प्रश्न त्यात असतात. खरी उत्तरं लिहायची आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारायचं.

पण खरी परीक्षा घेतो तो कान. आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर आहे आणि त्याचा दाब आपल्याला सवयीचा झालाय. पाण्यात फक्त १० मीटर खाली गेलात की तेवढाच आणखी एक दाब वर बसतो. म्हणजे दुप्पट! २० मीटरवर तिप्पट. दाब दुप्पट झाला की हवेची जागा निम्मी होते. वर फुगवलेला फुगा १० मीटर खाली नेला तर तो निम्माच उरेल. हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली मांडला.

करून बघा: बादली काठोकाठ भरा. उंच, पारदर्शक ग्लास उपडा धरून सरळ तळापर्यंत दाबा. आतली हवा बाहेर निसटली नाही, तरी काठाशी पाणी थोडंसं आत चढलेलं दिसेल, तीनेक मिलिमीटर. एका बादलीत एवढं, मग समुद्रात किती!

कानाच्या पडद्यामागेही अशीच हवा अडकलेली असते. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो आणि कान दुखतो. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकातून हवा हळूच बाहेर ढकलायची. घशातून कानाकडे जाणारी बारीक नळी उघडते, कानात 'पुट्' असा आवाज येतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. प्रत्येक मीटरला असं करत करत खाली जायचं. जोर मात्र अजिबात लावायचा नाही.

आणि सर्दी झाली असेल तर? ती नळी सुजलेली, बंद. मग कितीही रडलात तरी कुणी पाण्यात सोडणार नाही. म्हणून बेतात एक दिवस मोकळा ठेवा. सर्दी काही आपलं तिकीट बघून येत नाही.

लांब नळी का नको?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. एवढी जड टाकी कशाला? लांबलचक नळीचं एक टोक पाण्याबाहेर ठेवू आणि दुसरं तोंडात धरू!

हिशेब करा. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १०० ग्रॅम जादा भार येतो. तुमच्या छातीची पुढची बाजू २५ सेंमी लांब, २० सेंमी रुंद धरू, म्हणजे ५०० चौरस सेंटीमीटर. एकूण भार झाला ५० किलो! नळीतून येणारी हवा वरच्याच दाबाची. ती आत ओढायला दर श्वासाला ५० किलो उचलायचे. दोन-चार श्वासांत दमून जाल.

याचं उत्तर फ्रान्समध्ये १९४३ साली सापडलं. महायुद्ध चालू होतं, पेट्रोल मिळत नव्हतं आणि लोक गाड्या गॅसवर चालवत होते. इंजिनाला हवा तेवढाच गॅस सोडणारी एक झडप एमिल गान्यां या इंजिनिअरने तयार केली होती. नौदलातले अधिकारी झाक कुस्तो यांना पाण्याखाली श्वास घ्यायचा होता. दोघांनी मिळून त्या झडपेतून पाणबुड्यांसाठी झडप बनवली. तुम्ही श्वास ओढला की एक पातळ पडदा आत खेचला जातो, त्याने झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल नेमक्या तेवढ्याच दाबाची हवा तोंडात येते. आतून-बाहेरून दाब सारखा, मग छातीवर भार कसला?

म्हणूनच पहिला आणि सगळ्यात मोठा नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास चालू असेल तर जादा हवा आपोआप बाहेर पडते. रोखलात तर फुप्फुसाला इजा होते.

टाकीत ऑक्सिजन? छे!

टाकीत असते आपली नेहमीचीच हवा, फक्त दाबून भरलेली. ११ लिटरच्या टाकीत जवळजवळ २२०० लिटर हवा मावते आणि तिचं वजन अडीच किलोंहून जास्त भरतं. हवेला वजन असतं हे पाणबुड्यांना पाठीवरच कळतं. डुबकी संपत येते तशी टाकी हलकी होते आणि माणूस वर तरंगू बघतो. म्हणून कमरेला शिशाची वजनं आधीच हिशेबाने बांधलेली असतात.

मोठा माणूस मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो असं धरा. वर बसून ही टाकी ११० मिनिटं पुरेल. १० मीटरवर हवा दुप्पट दाबाची लागते, म्हणजे ५५ मिनिटंच. त्यातूनही थोडी शिल्लक ठेवून वर यायचं असतं. घाबरून धापा टाकल्या तर टाकी आणखी लवकर संपणार. हळू, लांब श्वास घेणाऱ्याला मासे जास्त वेळ बघायला मिळतात.

बॅगेत काय?

पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घ्या. उन्हाची क्रीम चोपडायची गरज कमी होते, आणि काही क्रीममधली रसायनं प्रवाळांना बाधतात. तिथलं पाणी २७-२८ अंशांचं, हाताला कोमट लागणारं. तरी अर्ध्या तासात दात वाजू शकतात, कारण हवेपेक्षा पाणी शरीरातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. म्हणून तिथे रबरी वेटसूट घालायला देतात.

लाल रंगाचे कपडे मिरवायला नेत असाल तर राहू द्या. पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाश गिळतं. १० मीटरवर तुमचा लालभडक टी-शर्ट मातकट दिसेल. टॉर्च मारला की क्षणात पुन्हा लाल!

अंगठा वर करायची सवयही घरीच ठेवून जा. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'मला वर न्या'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल दाखवायचा.

खाली कोण भेटेल?

सगळ्यात आधी प्रवाळ. दगडासारखे दिसतात, पण ते आहेत प्राणी. इवल्या इवल्या जिवांची चुन्याची घरं एकावर एक चढून हे खडक बनतात. त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हात अन्न बनवतं आणि घरमालकाला भाड्यापोटी देतं. पाणी फार तापलं की ही जोडी फुटते आणि प्रवाळ पांढरे पडतात. म्हणून बघायचं, पण हात लावायचा नाही, पायही ठेवायचा नाही.

चोचीने खडक कुरतडणारा पोपटमासा दिसला तर कान देऊन ऐका, 'कर्रर्र' आवाज येतो. खडकातलं शैवाल तो पचवतो आणि चुना वाळू बनून मागून बाहेर पडतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू बनवतो. म्हणजे ज्या पांढऱ्या वाळूत तुम्ही किल्ला बांधाल, तिच्यातली थोडी तरी... असो!

परत कधी? नायट्रोजनला विचारा

हवेच्या १०० भागांत ७८ भाग नायट्रोजन असतो. एरवी तो आत जातो आणि काही न करता बाहेर येतो. खोलवर दाब वाढला की मात्र तो रक्तात विरघळून बसतो. सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर काय होतं? फस्स! तसे बुडबुडे रक्तात झाले तर सांधे दुखतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून पाणबुडे मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू वर येतात आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबतात.

तरीही थोडा नायट्रोजन उरतोच आणि तो निघून जायला कित्येक तास लागतात. उडत्या विमानात हवेचा दाब महाबळेश्वरच्या माथ्यापेक्षाही कमी असतो. म्हणजे बाटलीचं बूच पुन्हा सैल! म्हणून एकच डुबकी मारली असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास आणि जास्त मारल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यायचे. शेवटचा दिवस वाळूतल्या किल्ल्यासाठी.

चुका शोधा!

एका आत्याने भाचरांसाठी हा बेत आखलाय. यातली कोणती ओळ बरोबर?

१. जुलैमध्ये निघू.
२. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पहिली डुबकी.
३. दादाला सर्दी आहे, पण नाक शिंकरून उतरेल.
४. वर येताना सगळे श्वास रोखून धरू.
५. शेवटच्या दिवशी सकाळी दोन डुबक्या, संध्याकाळी विमान.
६. आठवण म्हणून किनाऱ्यावरचं प्रवाळ बॅगेत टाकू.

उत्तर: फक्त दुसरी. पहिली पावसाने खोडली, तिसरी कानाने, चौथी बॉइल यांनी आणि पाचवी नायट्रोजनने. सहावी खोडलीय वन्यजीव संरक्षण कायद्याने. मेलेलं प्रवाळसुद्धा उचलून आणणं गुन्हा आहे. आणि साडेसहाला कोण उठणार म्हणून कुरकुरत असाल, तर आत्याला बोल लावू नका. तक्रार त्या २० अंशांकडे करा!