बाळ दचकते की झटका येतो?

तान्हे बाळ झोपेत हसले, रडले किंवा दचकले की आपल्याकडे म्हणतात, सटवाई त्याच्याशी बोलते आहे. बहुतेक वेळा या दचकण्यात काळजीचे काही नसते. पण शंभरात एखादे दचकणे निराळे असते. ते निराळे आहे हे आधी कळते ते घरातल्या माणसांना, कारण डॉक्टरांसमोर बाळ जेमतेम पाच-दहा मिनिटे असते आणि आपल्यासमोर चोवीस तास.

या सदरात एरवी डॉक्टर मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि एका मुलीची आई आहे. ‘हे फीट आहे की नाही’ या एका प्रश्नाखाली आमच्या घराने काही आठवडे काढले. डहाणू-तलासरीतील आणखी एखाद्या घरावर ती वेळ आली तर उपयोग व्हावा, म्हणून हा लेख.

जमीन हलते म्हणून?

वाचकांना आठवत असेल, नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरातील लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपत होते. आमची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. त्याच दिवसांत ती विचित्र दचकू लागली. मान एकदम छातीकडे झुके, दोन्ही हात वर उचलले जात, पाय पोटाशी येत. क्षणभरच. मग पुन्हा तेच. असे आठ-दहा वेळा झाले की ती रडे.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, जमीन हलतेय, मोठी माणसं घाबरतात, मग लेकरू नाही का दचकणार?” त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते. शेजारणींचेही तेच मत. एका दवाखान्यात पोटात गॅस धरतो म्हणून थेंब दिले. तिथे तपासताना ती शांत झोपली होती, त्यामुळे पाहण्यासारखे काही घडलेच नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. भूकंपाचा धक्का आला की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात. बाळ दचके तेव्हा भांडी वाजत नव्हती. मी शाळेची एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, झोपेतून उठल्यावर की जागेपणी, किती वेळा, आणि शेवटचा रकाना ‘भांडी वाजली का?’ आठ दिवसांत एकवीस नोंदी झाल्या. त्यांपैकी भांडी वाजल्याची नोंद एकच. सतरा नोंदी झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतल्या. वहीच्या कडेला मी आणखी एक गोष्ट लिहिली होती. मला पाहून हसणारी माझी मुलगी आता हसेनाशी झाली होती.

यजमान उंबरगावच्या कारखान्यात कामाला आहेत. रविवारी त्यांनी मोबाईलवर दोन मिनिटांचे चित्रण केले. डहाणूच्या बालरोगतज्ज्ञांनी ते दोनदा पाहिले, वही चाळली आणि म्हणाले, “बाई, ही वही आणि हा मोबाईल घेऊन उद्याच मुंबईला निघा. हे दचकणं वाटत नाही.”

फरक कसा ओळखावा?

तज्ज्ञांकडून मला जे समजले ते सोप्या शब्दांत सांगते. दार आपटले, भांडे पडले, की नवजात बाळ दोन्ही हात फेकते आणि पुन्हा जवळ घेते. ही निसर्गाने दिलेली प्रतिक्रिया आहे. ती एकदाच होते, आवाजाने किंवा हलवल्याने होते आणि साधारण चार ते सहा महिन्यांपर्यंत नाहीशी होते. काही बाळांचे हातपाय फक्त गाढ झोपेत उडतात आणि जाग येताच थांबतात, तेही निरुपद्रवी असते. हात थरथरत असेल तर आपण हलकेच धरून पाहावे. साधी थरथर धरल्यावर थांबते, झटका धरल्याने थांबत नाही. मात्र नवजात बाळाची थरथर धरून थांबली तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण रक्तातील साखर किंवा कॅल्शियम कमी झाल्यानेही ती येते. रडता रडता श्वास कोंडून निळी पडणारी मुले असतात, त्यांनाही लोक आकडी समजतात. अशा मुलांत अनेकदा रक्तातील लोह कमी असते, म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी.

तापात येणारी आकडी आणखी वेगळी. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दर १०० मुलांमागे २ ते ५ जणांना ती येते. पाहणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक मुले पुढे पूर्ण बरी होतात. मात्र आपल्या भागात ताप आणि आकडी एकत्र आली तर मेंदूज्वर किंवा मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया नाही, याची खात्री रुग्णालयातच करावी लागते. ताप उतरेपर्यंत घरी थांबू नये.

माझ्या मुलीचे झटके यांपैकी कशातच बसत नव्हते. आवाज नसताना, उठल्या उठल्या, ओळीने एकामागून एक येणारे आणि सोबत हसणे, पाहणे, मान धरणे मागे पडणारे. हे चित्र दिसले तर आठवडाभर वाट पाहू नये. अशा झटक्यांची सुरुवात बहुतांशी बाळाच्या पहिल्या वर्षातच होते आणि उपचार जितका लवकर तितका मेंदूच्या वाढीला वाव जास्त.

एका बापाचे पत्र

या आजाराला ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. हे नाव ऐकून मी ते कागदावर लिहून घेतले आणि नंतर त्यामागची हकिगत वाचली. विल्यम वेस्ट हे इंग्लंडमधील टनब्रिज गावचे डॉक्टर. त्यांच्या स्वतःच्या मुलाला चौथ्या महिन्यापासून मान पुढे झुकवणारे झटके येऊ लागले. त्यांनी ते कसे येतात, ओळीने किती येतात हे बारकाईने टिपले आणि १८४१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून इतर डॉक्टरांना विचारले, कोणी असे पाहिले आहे का? लंडनच्या एका नामांकित डॉक्टरांनी या झटक्यांना ‘सलाम’ म्हटले होते, कारण बाळ जणू वाकून सलाम करते. त्या काळी जळवा लावणे आणि पाऱ्याचे औषध याखेरीज वेस्ट यांच्या हाती फारसे काही नव्हते. त्यांचा मुलगा बरा झाला नाही. संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी हे झटके थांबतात असे डॉक्टरांनी प्रसिद्ध केले ते १९५८ साली, म्हणजे ११७ वर्षांनी. आज संप्रेरक, स्टेरॉईड आणि व्हिगाबॅट्रिन अशी औषधे आहेत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या बापाजवळ नव्हते ते आपल्याजवळ आहे. पण सुरुवात अजूनही तिथूनच होते, घरातल्या माणसाच्या नीट पाहण्यापासून.

मुंबईचे दिवस

डहाणू रोडहून मुंबई सव्वाशे किलोमीटर. पहाटेची लोकल, दादरला उतरून परळ. तिथे १९२९ सालापासून चालत आलेले बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आहे, के. ई. एम. आहे. तलासरीकडची बरीच मंडळी सिल्वासा, वापी किंवा वलसाडलाही जातात. कुठेही जा, पण जाण्यापूर्वी तिथे मेंदूचा आलेख आणि मुलांचे मेंदूतज्ज्ञ आहेत का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. एक फेरी वाचते.

मेंदूचा आलेख म्हणजे ई. ई. जी. अनेकांना वाटते यात शॉक देतात. तसे काही नसते. डोक्याला तारा चिकटवून मेंदूतील विजेची नोंद घेतात. बाळाला दुखत नाही. आदल्या दिवशी डोके धुऊन तेल न लावता न्यावे, आणि झोपेतही नोंद घ्यायची असते, म्हणून गाडीत बाळाला फार झोपू देऊ नये. आम्ही विरारपासून दादरपर्यंत खुळखुळा वाजवत गेलो! आलेख चांगला आला तरी आजार नाहीच असे म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टर आलेखाइतकेच आपल्या सांगण्यालाही महत्त्व देतात. त्यांनी आम्हाला विचारले, डोळे कोणत्या बाजूला वळतात, दोन्ही हात सारखे उडतात का, ओठ निळे होतात का, नंतर ती झोपते का, जन्मताच रडली होती का, पहिले दूध किती वेळाने घेतले? आपल्या देशात या आजाराची मोठी कारणे म्हणजे जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे आणि पहिल्या दिवसांत रक्तातील साखर फार खाली जाणे. म्हणूनच दवाखान्यातील बाळंतपण आणि जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध यांना इतके महत्त्व आहे. आमच्या मुलीत मात्र कारण सापडले नाही. पुष्कळ मुलांत सापडत नाही.

आलेख आणि निदान यांच्यामध्ये दोन रात्री होत्या. त्या रात्री सर्वांत कठीण गेल्या. मला उपयोगी पडले ते एवढेच की करण्यासारखे काहीतरी हाती होते. झटका आला की घड्याळ पाहायचे, लिहायचे आणि बाळाला कुशीवर धरायचे. यजमान आणि मी रात्रीचे दोन पहारे वाटून घेतले. एकट्या आईने सारे जागरण करू नये. आई पडली तर बाळाचे औषधही चुकते.

स्टेरॉईडच्या औषधाने बाळाचा चेहरा गोल झाला, भूक वाढली, चिडचिड वाढली. गावी परतल्यावर बायका म्हणाल्या, “छान बाळसं धरलंय हो!” ते बाळसे नव्हते, औषधाचा परिणाम होता. या काळात गर्दीत नेऊ नये, रक्तदाब तपासावा, आणि गोवरासारख्या काही लसी कधी द्यायच्या हे डॉक्टरांना विचारावे. औषध स्वतःच्या मनाने थांबवणे फार धोक्याचे आहे. अकराव्या दिवशी वहीत पहिल्यांदा शून्य लिहिले.

झटका आला तर

बाळाला सपाट जागी कुशीवर ठेवा. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, शुद्ध न येता दुसरा आला, ओठ निळे राहिले, किंवा बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, तर लगेच १०८ ला फोन करा आणि जवळचे रुग्णालय गाठा. आयुष्यातला पहिला झटका थांबला तरी त्याच दिवशी दाखवा. लांबच्या पाड्यावर राहणाऱ्यांनी डॉक्टरांना नाकात मारायच्या मिडाझोलामच्या फवाऱ्याबद्दल जरूर विचारावे. किती मात्रा, कधी द्यायची हे डॉक्टरच ठरवतील.

भगताकडे जाऊ नका असे मी म्हणत नाही, घरच्यांच्या मनाचा तो आधार असतो. आमच्या घरीही अंगारा लागला. पण अंगारा लावून गाडीत बसायचे, गाडी चुकवून अंगाऱ्याला थांबायचे नाही, एवढे ठरले होते.

‘कुणाला सांगू नका’

निदान झाल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, “मुलीची जात आहे, कुणाला सांगू नका. पुढं लग्नाचं काय?” त्यांची काळजी खोटी नव्हती. एके काळी अपस्मार असलेल्या व्यक्तीच्या विवाहाला कायद्यातच आडकाठी होती. ती अट १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून काढून टाकण्यात आली. मी सासूबाईंना पुण्याच्या यशोदा वाकणकर यांच्याविषयी सांगितले. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांची ही मुलगी. लहानपणापासून अनेक वर्षे त्यांनी हा आजार सोसला आणि पुढे ‘संवेदना फाउंडेशन’ सुरू करून अपस्माराच्या रुग्णांना आणि कुटुंबांना एकत्र आणले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण नंतर अंगणवाडीतल्या ताईंना सारे सांगायला त्याच माझ्याबरोबर आल्या.

आणि सांगितल्याचा फायदा झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधून, तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. या कार्यक्रमातील पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत झटक्यांचा आजारही आहे. पण झटका त्या दिवशी पथकासमोर येईलच असे नाही. आपण सांगितले तरच नोंद होते आणि पुढे पाठवणे सोपे जाते.

आज आमची मुलगी शाळेत जाते. चालायला तिला दोन वर्षे लागली, शब्द अजून अडखळतात, आकडे मात्र चटकन कळतात. सगळ्याच मुलांचे असे होत नाही, काहींचे याहून चांगले होते, काहींचे कठीण जाते. खोटी आशा मी देणार नाही. एवढेच सुचवते, ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांनी या आठवड्यात एकदा ते झोपेतून उठल्यावर दहा मिनिटे शांतपणे त्याच्याकडे पाहावे. काही खटकले तर वहीत लिहावे, मोबाईलवर टिपावे आणि डॉक्टरांसमोर ठेवावे. काही नाही निघाले तर उत्तमच, दहा मिनिटे बाळाजवळ गेली!