मूलबाळ नाही? मग तपासणी दोघांची करा



बेणे, खत आणि पाणी सोडून आम्ही या पानावर सहसा दुसरे काही लिहीत नाही. पण लागणीच्या नोंदी, बेणेवाटप, उसाची पाहणी यासाठी घरोघर जाणे होते. उसाचे बोलणे संपले की घरातले वडीलधारे हळूच विचारतात, "साहेब, सुनेला चार वर्षं झाली, काही उपाय आहे का हो?" त्यावर आम्ही नेहमी एकच प्रश्न विचारतो, "मुलाची तपासणी झाली का?" याचे उत्तर बहुधा मिळत नाही. सुनेचे मात्र दोन दवाखाने, तीन देवस्थाने आणि एक देवऋषी होऊन गेलेला असतो. काही घरांत तर दुसरेपणाची बोलणीही सुरू झालेली असतात. हा विषय चारचौघांत बोलायचा नाही अशी आपली रीत आहे. त्या रीतीपायी घरे मोडतात आणि जमिनी गहाण पडतात. म्हणून या अंकात हे लिहीत आहोत.

गडचिरोलीने काय शिकवले

चंद्रपूर-गडचिरोली हा मुलूख उसापेक्षा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. पण या विषयावर साऱ्या जगाला जाग आणणारी पाहणी तिथेच झाली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. त्रास सांगणाऱ्या स्त्रियाच तेवढ्या निवडल्या नव्हत्या. त्रास असो वा नसो, सर्वांना तपासले. ही पाहणी १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. शंभरातल्या ९२ स्त्रियांना गर्भाशयाचा किंवा जननमार्गाचा काही ना काही विकार होता. सरासरी काढली तर एकेका स्त्रीला तीनाहून अधिक विकार निघाले. त्यांपैकी साधारण निम्मे जंतुसंसर्गाचे होते. आणि याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त आठ!

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे म्हणून अंगावर काढलेला संसर्ग पुढे गर्भनलिका बंद करतो. क्षयाचे जंतूही गुपचूप तेच करतात. म्हणजे ज्या बाईला गाव वांझ म्हणते, तिला कधी काळी वेळेवर औषध मिळाले असते तर तिची कूस उजवली असती, असे कितीदा तरी घडत असेल.

ही झाली बाईची बाजू. आता पुरुषाची.

निम्मा वाटा पुरुषाचा

मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण असते, कधी एकट्याचे तर कधी बायकोच्या बरोबरीने. अंगात ताकद आहे, संसार नीट चालतो, म्हणजे वीर्यही चांगलेच असणार, ही समजूत चुकीची आहे. हिरवागार दिसणारा ऊस जसा साखरेला कमी भरतो, तसेच हे. वरून कळत नाही, तपासावे लागते.

वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सर्वांत साधी तपासणी आहे. सुई नाही, भूल नाही, कापाकापी नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभराच्या आत तपासला जावा एवढेच पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या आकड्यांनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, शंभरातले ४२ हालचाल करणारे आणि ४ सुडौल, ही खालची पातळी धरतात. शंभरात चारच सुडौल म्हणून घाबरू नये, निसर्गाचा कारभारच तसा आहे. आकडा याहून खाली आला म्हणजे मूल होणारच नाही असेही नाही. एका तपासणीवर निकाल लावू नये, काही आठवड्यांनी दुसरी करावी.

शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून आज सोडलेल्या व्यसनाचा गुण तीन महिन्यांनी दिसतो. खर्रा, बिडी आणि दारू शुक्रजंतूंना मारक आहेत. खर्रा तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे पोराटोरांच्या तोंडात असतो. वृषण शरीराबाहेर आहेत ते त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो म्हणून. भट्टीजवळ किंवा पॅनवर तासन् तास काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हत्तीरोगाच्या भागात अंडवृद्धी फार आढळते. ती लाजेने लपवू नये, शस्त्रक्रियेने बरी होते. त्या भागात सिकलसेलचे रुग्णही पुष्कळ आहेत. त्यांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाने शुक्रजंतू कमी होऊ शकतात. ते औषध मनाने बंद मुळीच करू नये, पण मूल हवे असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. तालमीतल्या पोरांनी ताकदीच्या नावाखाली घेतलेली हार्मोनची इंजेक्शनेही शुक्रजंतू थांबवतात.

आमच्या शेतकी खात्याशी संबंध येतो असा एक किस्सा सांगतो. सूत्रकृमीसाठी 'नेमॅगॉन' नावाचे औषध पूर्वी वापरात होते. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात हे औषध तयार करणाऱ्या कामगारांच्या ध्यानात आले की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाही. तपासणी केली तर अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू जवळपास नव्हतेच. पुढे त्या औषधावर बंदी आली, आपल्या देशातही ते बंद आहे. पण फवारणी करताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे का हवेत, याचे याहून मोठे कारण आम्हाला ठाऊक नाही.

चांगले शुक्रजंतू कसे निवडतात

साध्या औषधोपचाराने जमले नाही तर निवड करावी लागते. धान पेरण्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात हे आपण जाणता. पोचट बी वर तरंगते, भरलेले बी तळाशी बसते. प्रयोगशाळेत जवळपास हेच करतात. कमी-जास्त घनतेच्या द्रवावर वीर्य सोडून यंत्रात फिरवतात. आपल्या सेंट्रीफ्यूगलमध्ये मळी आणि साखर वेगळी होते ना, तसे. सशक्त शुक्रजंतू तळाशी येतात, मेलेले आणि कचरा वर राहतो. दुसरी रीत याच्या उलट आहे. वीर्यावर पोषक द्रव ठेवायचा आणि जे स्वतः पोहून वर येतील तेवढेच घ्यायचे. असे निवडलेले शुक्रजंतू गर्भाशयात सोडतात, किंवा स्त्रीबीजाबरोबर बाहेर काचेच्या भांड्यात ठेवून गर्भ तयार करतात.

या दुसऱ्या पद्धतीने जगातले पहिले मूल जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात जन्मले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्याला डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही यश मिळवले, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. आपल्या महाराष्ट्रात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ यांच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्मले. शुक्रजंतू अगदीच थोडे असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली एकच निवडून बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची रीत १९९२ पासून, ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी दाखवल्यानंतर, सुरू झाली.

आता एक सावधगिरी. "आमच्याकडे खास निवड होते, हमखास गुण येतो" अशा जाहिराती पाहायला मिळतात. स्त्रीबीजाभोवतीच्या चिकट द्रव्याला जो शुक्रजंतू धरून राहतो तोच चांगला, या कल्पनेवर एक रीत निघाली. इंग्लंडमध्ये १६ केंद्रांत अडीच हजारांवर जोडप्यांत तिची कसोटी घेतली आणि २०१९ साली निकाल जाहीर झाला. जिवंत बाळ होण्याच्या प्रमाणात सिद्ध होईल असा फरक पडला नाही. नवे वाण आले की आपण आधी चार गुंठ्यांत लावून पाहतो. इथेही जादा पैसे भरण्याआधी विचारावे की कोणत्या कसोटीत हे उतरले आहे?

गाईला चालते ते माणसाला नाही

दूध संस्थेत आता कालवडीच होतील अशी रेतमात्रा मिळते. मादी जन्माला घालणाऱ्या शुक्रजंतूत गुणसूत्रांचे द्रव्य सुमारे ४ टक्के जास्त असते, त्यावरून यंत्र ते वेगळे काढते. शंभरात साधारण नव्वद कालवडी होतात. साहजिकच काही जण विचारतात, मग माणसांत मुलगाच होईल असे का करता येत नाही? करता येत नाही, कारण तो गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, साल १९८८. देशाचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. गोठ्यातला हिशेब घरात आणू नये. मूल नाही म्हणून रडणाऱ्या घराने मुलगी नको म्हणावे, हे आमच्या बुद्धीला पटत नाही.

काय करावे

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पुरुषाची वीर्यतपासणी आधी करून घ्यावी. चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या बाजूच्या पाहुण्यांनी प्रथम तिथे चौकशी करावी. खासगी केंद्रात जायचे असल्यास २०२१ च्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी आहे का ते पाहावे. या उपचारासाठी स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांपर्यंतचीच मुभा आहे. खर्च किती फेऱ्यांचा, हे लेखी घ्यावे. पहिल्याच फेरीत यश येईल असे गृहीत धरून कर्ज काढू नये.

आणि घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीतून जावे लागते. हा कुणाचा शाप नाही आणि कुणाचे पापही नाही. उगवण झाली नाही तर आपण एकट्या जमिनीला बोल लावत नाही, बेणेही तपासतो. हाच न्याय सुनेला द्यावा. दुसरेपणाची बोलणी करण्याआधी मुलाला एकदा तपासणीला पाठवावे.

— ऊस विकास अधिकारी