पातळी वाचायला शिकवणारे पाणी

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरी पाणथळ जागेचे शिक्षण कसे असावे, हा प्रश्न निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जितका नेमका समोर येतो तितका क्वचितच कुठे येत असेल. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राजवळ ठाणे खाडीचे पाणी भरती-ओहोटीनुसार चढते-उतरते. नांदूरला मात्र पावसाइतकीच कालव्याची आवर्तने आणि बंधाऱ्याचा विसर्ग पाण्याची पातळी ठरवतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा झाला, तो सिंचनासाठी. इथून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याची शेती उभी केली. मागे साठलेल्या पाण्यात वर्षानुवर्षे गाळ बसत गेला, त्याची बेटे झाली, उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढल्या आणि त्यामागून पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. अडीचशेहून अधिक पक्षिजातींचे हे वैभव एका पाटबंधारे कामातून उभे राहिले आहे. इथल्या निसर्गशिक्षणाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यांवर आसपासच्या गावांतले तरुण गाइड म्हणून काम करतात. हिवाळ्यात सहलीची मुले आली की दुर्बिणीतून पक्षी दाखवायचा, नाव सांगायचे आणि पुढच्या मुलाला जागा द्यायची, असा क्रम असतो. पण त्याच दुर्बिणीत नावापलीकडचे बरेच काही दिसते. तुतवार चिखलाच्या कडेने टिपत फिरतो, कारण त्याचे पाय आखूड. चित्रबलाक गुडघाभर पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून चालतो आणि माशाचा स्पर्श होताच ती मिटतो. थापट्या आपल्या रुंद चोचीने वरचे पाणी गाळत पोहतो. तलवार बदक डोके खाली, शेपटी वर करून तळ चाचपते, तर वारकरी थेट बुडी मारतो. काठापासून मध्यापर्यंत कोण कुठे आहे हे पाहिले की पाण्याची खोली कळते. हातभर पाणी चढले की चिखलपट्टी बुडते आणि तुतवारांना उठावे लागते. फार उतरले की बुडी मारणाऱ्यांची जागा आटते. ज्या मुलाला हे कळले, त्याला पक्ष्याचे नाव विसरले तरी चालेल. पाणी का चढले, कोणी सोडले, कोणासाठी अडवले, हे प्रश्न त्याच्या मनात आपोआप येतील.

यावर आक्षेप घेतला जातो, की मुले पक्षी पाहायला येतात. आवर्तन आणि क्युसेकचा हिशेब ऐकवला तर सहल शाळेच्या तासासारखी होईल. पक्ष्यांशिवाय मुले येणार नाहीत, हे खरेच. पण वरच्या उदाहरणात पक्षी बाजूला पडत नाही, उलट त्याच्या पायांकडे, चोचीकडे अधिक निरखून पाहावे लागते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: पाण्याचा विषय काढला की शेतकरी खलनायक ठरेल. प्रत्यक्षात उलट घडते, कारण शेतीसाठी अडवलेल्या पाण्यामुळेच हे तळे आहे. राजस्थानातल्या भरतपूरचा अनुभवही हेच सांगतो. तिथले केवलादेव राष्ट्रीय उद्यानही बांध घालून राखलेले. १९८२ मध्ये चराई बंद केल्यावर गवत इतके माजले की मोकळे पाणी कमी झाले, असे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) दीर्घ अभ्यासात दिसून आले. माणसाने घडवलेल्या पाणथळीत माणसाला वगळून धडा पुरा होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. अभयारण्य वनविभागाकडे आणि पाणी जलसंपदा विभागाकडे. मनोऱ्यावरचा गाइड कितीही चांगले शिकवो, पातळीचा निर्णय त्याच्या हातात नाही. गाळ दर पावसाळ्यात वाढतो. ज्या गाळाने बेटे दिली, तोच साठत राहिला तर उथळ पाण्याची जमीन होईल. त्याहून मोठी काळजी वरच्या अंगाची. नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीतून खाली वाहत येते, त्यातल्या खतासारख्या द्रव्यांवर पानवेली पोसतात आणि पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकतात. त्याखाली उजेड पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे कमी होतात आणि बदकांना उतरायला जागा राहत नाही. पानवेली काढायला दरवर्षी यंत्रे लावता येतील, पण वरून खुराक येत राहिला तर त्या पुन्हा माजणारच.

म्हणून नांदूरच्या शिक्षणाचा अर्धा भाग चापडगावात शिकवताच येणार नाही. आज नाशिकची मुले बसने येतात, पक्षी पाहतात, परत जातात. त्यांच्या घरचे सांडपाणी कुठे पोहोचते हे त्यांना कोणी सांगत नाही. पर्यावरणाचे शिक्षण सर्व इयत्तांना द्यावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला; तो प्रकल्पवहीतच अडकून राहू नये, यासाठी फार खर्चाचीही गरज नाही. सहलीची बस आधी तपोवनच्या मलनिस्सारण केंद्राशी थांबवावी, मग नांदूरच्या बंधाऱ्यावर, आणि शेवटी मनोऱ्यावर. गाइडच्या हाती त्या आठवड्यातली पातळी आणि विसर्गाचे आकडे असावेत; ते जलसंपदा विभागाने त्याला नियमित कळवावेत. सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या स्वच्छतेवर मोठा खर्च होत असताना, नदीशी मुलांचे नाते जोडणारा एवढा कार्यक्रम नाशिकच्या प्रत्येक शाळेला मिळायलाच हवा.